प्रक्षेप कीं लोप? दाभोळच्या आकाशांतील एका तांबड्या कमानीचा पाठविचार

१

जुन्या पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणाऱ्यास एक प्रश्न वारंवार सोडवावा लागतो. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समोर असतात. एकींत एक श्लोक अधिक असतो, दुसरींत तो नसतो. अशा वेळीं अधिक श्लोक मागाहून कोणी घुसडला, कीं उण्या प्रतीच्या लेखकानें तो नजरचुकीनें अगर हेतुतः गाळला, हें ठरवावें लागतें. पहिल्या दोषास प्रक्षेप व दुसऱ्यास लोप म्हणतात. संशोधकाची स्वाभाविक प्रवृत्ति अधिक पाठाविषयीं संशय घेण्याकडे असते, आणि ती बहुधा योग्यच असते. परंतु ती नेहमींच योग्य असते असें नाहीं. गेल्या पौष महिन्यांत दाभोळ मुक्कामीं हाच प्रश्न आमच्यापुढें आला. फरक इतकाच कीं, समोर पोथ्या नव्हत्या. एकाच रात्रीं, एकाच आकाशाचीं घेतलेलीं दोन छायाचित्रें होतीं. एकांत मृग नक्षत्राच्या पूर्वेस एक मोठी तांबडी कमान होती. दुसऱ्यांत तिचा मागमूसहि नव्हता. या कमानीचा निर्णय करितां करितां आमच्याच पदरीं असलेला एक जुना प्रक्षेप उघडकीस आला. तो कबूल करणें हा या लेखाचा एक हेतु आहे.

२

दाभोळची ओळख या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. वाशिष्ठीच्या मुखाशीं वसलेलें हें बंदर बहामनी व आदिलशाही काळीं पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या बंदरांत गणलें जाई. रशियन व्यापारी अफनासी निकितिन हा पंधराव्या शतकाच्या आठव्या दशकांत येथूनच परतीच्या प्रवासास निघाला. १५०८ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदा यानें हें शहर जाळलें. येथून निघणाऱ्या तांडेलांस रात्रीं ताऱ्यांवांचून दुसरा वाटाड्या नव्हता. येथून फार दूर नसलेल्या मुरुड गांवीं १८५३ सालीं शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. शिक्षकाचा पेशा करीत असतांच त्यांनीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला, आणि सामान्य वाचकांस रात्रीचें आकाश दाखविण्याकरितां ‘ज्योतिर्विलास’ हें पुस्तकहि लिहिलें. आमच्या पिढीच्या पुष्कळ शिक्षकांनीं नक्षत्रें ओळखावयास त्या पुस्तकावरूनच शिकलें.

गांवामागें जांभ्या दगडाचा सडा आहे. पैलतीरीं गुहागर तालुक्यांतील वीज प्रकल्पाचे दिवे व धोपाव्याच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरील दिवे यांची आभा दक्षिण क्षितिजाशीं दिसते. परंतु मृग नक्षत्र मध्यान्हीं आलें म्हणजे येथें क्षितिजापासून सत्तर अंशांहून अधिक उंच असतें, आणि तेवढ्या उंचीवर आकाश अद्याप बरेंच काळें आहे. आमचे एक जुने विद्यार्थी, जे आतां यंत्रविद्येंत निष्णात आहेत, सुटीस आले असतां पौष अमावास्येच्या आदल्या रात्रीं आम्हांस सड्यावर घेऊन गेले. त्यांच्यापाशीं एकाच नमुन्याचे दोन कॅमेरे होते. एक बाजारांतून आणला तसाच होता. दुसऱ्याच्या आंत, प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या पुढें बसविलेली मूळची गाळणी, म्हणजे फिल्टर, काढून तिच्या जागीं निराळी बसविली होती. भिंग एकच होतें. तें आलटून पालटून दोन्ही कॅमेऱ्यांस लाविलें. पृथ्वीच्या भ्रमणाच्या उलट दिशेस त्याच वेगानें फिरणाऱ्या लहान यंत्रावर कॅमेरा बसवून प्रत्येकीं दोन मिनिटांचीं तीस चित्रें घेतलीं, आणि मागाहून तीं एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली.

सकाळीं दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं. मृगाच्या शरीराचे चार तारे, मध्यें बाणाचे तीन तारे, पूर्वेस आर्द्रा, खालीं व्याध, सर्व दोहींतहि यथास्थित होतें. बाणाखालचा तेजोमेघ, जो नुसत्या डोळ्यांस धुरकट ठिपक्यासारखा भासतो, तोहि दोहींत होता. परंतु दुसऱ्या चित्रांत बाणाच्या पूर्वेकडून निघून दक्षिणेकडे वळणारी, हाताची वीत लांबवून धरिली तर जवळजवळ तेवढी भरेल अशी तांबडी कमान होती. आणि मृगशीर्षाचे तीन बारीक तारे ज्या ठिकाणीं आहेत त्यांच्याभोंवतीं तांबूस रंगाचें एक मोठें वर्तुळ होतें. मृगशीर्षाची, रोहिणीमागें धांवणाऱ्या प्रजापतीची व त्याला बाण मारणाऱ्या रुद्राची ऐतरेय ब्राह्मणांतील कथा आम्हीं वर्षानुवर्षें शिकविली. त्या मृगाच्या मस्तकाभोंवतीं असें कांहीं असल्याचें आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें. आमचा पहिला उद्गार असा निघाला कीं, हा प्रक्षेप आहे. बदललेल्या यंत्रानें तो घुसडला.

३

आमच्या विद्यार्थ्यानें वाद घातला नाहीं. कागदपत्र पारखण्याची रीत आम्हींच त्यांस शिकविली होती, तीच त्यांनीं आम्हांपुढें ठेविली. दस्तऐवज खरा कीं बनावट, हें ठरवितांना आपण कागद, शाई व हस्ताक्षर निरनिराळीं तपासतों. त्याप्रमाणें तीन कसोट्या लाविल्या.

पहिली कसोटी जागेची. कमान हा भिंगावरील डाग किंवा यंत्रांतील प्रतिबिंब असेल, तर कॅमेरा किंचित् फिरविला असतां ती चौकटींत आपल्या जागीं राहील आणि तारे सरकतील. दुसऱ्या रात्रीं कॅमेरा मुद्दाम दोन निरनिराळ्या दिशांस वळवून चित्रें घेतलीं. कमान ताऱ्यांबरोबर सरकली. दुसरी कसोटी रंगाची. तांबडा रंग जर यंत्राच्या सर्वसाधारण झुकावानें आलेला असेल, तर फक्त एकाच अगदीं अरुंद तांबड्या पट्ट्याचा प्रकाश आंत सोडणारी गाळणी लाविल्यावर कमान इतर आकाशांत मिसळून जावी. तशी गाळणी लाविली. आकाश अधिक काळें पडलें आणि कमान उलट अधिक ठळक झाली. म्हणजे तिचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला नसून त्या एका पट्ट्यांत एकवटलेला आहे. तिसरी कसोटी स्वतंत्र साक्षीची. ही कमान अमेरिकेंत डब्ल्यू. एच. पिकरिंग यांच्या १८८९ च्या काचपट्टीवर आणि ई. ई. बार्नार्ड यांच्या १८९४ च्या काचपट्टीवर उमटलेली आहे. पहिली नोंद पिकरिंगची असून ती आज बार्नार्डच्या नांवानेंच ओळखली जाते. त्या काळीं असले सेन्सर व असल्या गाळण्या स्वप्नांतहि नव्हत्या.

तीन कसोट्या एकत्र घेतल्यावर निर्णय एकच होतो. कमान आकाशांत आहे. ती दाखविणाऱ्या चित्रांत प्रक्षेप नाहीं. न दाखविणाऱ्या चित्रांत लोप आहे. आणि लोप करणारा लेखक बाजारांतला साधा कॅमेरा आहे.

४

हा लोप कां होतो, तें समजून घेतलें पाहिजे. कारण तो नजरचुकीचा नाहीं, हेतुपुरस्सर केलेला आहे. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगांच्या लांबीवरून ठरतो, व ती नॅनोमीटरांत मोजतात; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. मनुष्याच्या डोळ्यास सुमारें ४०० पासून ७०० पर्यंतचा प्रकाश दिसतो. सेन्सर सिलिकॉनचा असतो, आणि सिलिकॉनला ७०० च्या पलीकडचा, सुमारें ११०० पर्यंतचा अवरक्त प्रकाशहि दिसतो. तो तसाच आंत येऊं दिला तर दिवसाच्या चित्रांत हिरवीं पानें फिकट व तांबूस, काळें कापड जांभळट आणि चेहऱ्यांचे रंग भलतेच उमटतील. म्हणून निर्माता सेन्सरपुढें एक गाळणी बसवितो, व ती अवरक्त प्रकाश अडविते. परंतु ही गाळणी ७०० वर एकदम बंद होणाऱ्या दारासारखी नसते. ती ६०० च्या पुढें हळूहळू मिटत जाणाऱ्या पापणीसारखी असते. तांबड्या रंगाचा शेवटचा भाग त्यांत बराचसा अडतो.

आतां, आकाशांतील तेजोमेघ मुख्यतः हायड्रोजन वायूचे असतात. जवळच्या तप्त ताऱ्यांच्या प्रकाशानें त्या वायूच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटतात व पुन्हा जोडले जातात. जोडले जातांना ते पायरी पायरीनें खालीं उतरतात, आणि तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरतांना जो प्रकाश बाहेर पडतो त्याची तरंगलांबी बरोबर ६५६.३ नॅनोमीटर असते. मूळची गाळणी या प्रकाशाचा बहुतेक भाग अडविते. पुष्कळ कॅमेऱ्यांत चौथ्या हिश्श्याच्या आसपासच तो सेन्सरपर्यंत पोंचतो. मोठे व उजळ मेघ तेवढ्यावरहि दिसतात. मृगाच्या पूर्वेची कमान अतिशय फिकट असल्यामुळें ती नाहींशी होते. गाळणी बदलली कीं तो प्रकाश जवळजवळ सबंध आंत येतो. कॅनन व निकॉन या जपानी निर्मात्यांनीं २००५, २०१२, २०१५ व २०१९ या सालीं अशी गाळणी मुळांतच बदललेले कांहीं कॅमेरे केवळ आकाशवेधाकरितां विकावयास काढले. शेवटच्या दोहोंत या रेषेचा प्रकाश साध्या यंत्राच्या सुमारें चौपट टिपला जातो, असें ते सांगतात. इतर लोक साधा कॅमेरा उघडून गाळणी बदलवून घेतात.

आमचा डोळाहि या बाबतींत निर्दोष नाहीं. अंधारांत डोळ्यांतील ज्या पेशी काम करितात त्यांची दृष्टि ५०० नॅनोमीटरच्या आसपास तीक्ष्ण असते, व ६४० च्या पुढें त्या जवळजवळ आंधळ्या होतात. साध्या कॅमेऱ्याची गाळणी डोळ्याचें अनुकरण करण्याकरितांच केलेली आहे. तेव्हां त्याचा लोप हा आपल्याच लोपाची नक्कल होय. दोन प्रती एकमेकींशीं जुळल्या म्हणून पाठ खरा ठरत नाहीं. त्या दोन्ही एकाच दोषयुक्त मूळ प्रतीवरून उतरलेल्या असूं शकतात. हा आपल्या शास्त्रांतला प्राथमिक नियम येथें आकाशास लागू पडला.

५

६५६.३ ही संख्या वाचून आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली, आणि येथूनच या लेखाचा दुसरा भाग सुरू होतो. सूर्याच्या वर्णपटांत याच ठिकाणीं जी काळी रेषा दिसते, तिला फ्राउनहोफरनें सी हें अक्षर दिलें होतें. शके १७९० च्या श्रावण अमावास्येस, मंगळवारीं, म्हणजे १८ ऑगस्ट १८६८ रोजीं, हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत खग्रास सूर्यग्रहण झालें. ग्रहणाच्या वेळीं चंद्रबिंबाच्या कडेस ज्या तांबड्या ज्वाला दिसतात त्या कशाच्या आहेत, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. आणि वर्णपट दाखविणारें यंत्र त्यांवर रोखण्याची ही पहिलीच संधि होती. गुंटूर येथें फ्रेंच ज्योतिषी जान्सन व इंग्रजांतर्फे मेजर टेनंट, मछलीपट्टण येथें मद्रास वेधशाळेचे पॉगसन, विजापूर येथें कॅप्टन हेग, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीतर्फे लेफ्टनंट जॉन हर्शेल असे वेधकर्ते निरनिराळ्या ठिकाणीं बसले होते.

यांपैकीं हर्शेल बसले होते तें ठिकाण आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. तें जमखंडी होय. पटवर्धनांच्या संस्थानाचें हें ठाणें आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. त्या दिवशीं तेथें आभाळ ढगाळ होतें. तरी ढगांच्या फटींतून हर्शेल यांनीं ज्वालेवर यंत्र रोखलें, आणि अखंड इंद्रधनुष्याच्या जागीं त्यांस तीन सुट्या झळकत्या रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी व निळी. सुट्या रेषा म्हणजे जळता वायु. त्यांतील तांबडी रेषा हायड्रोजनची. दाभोळच्या सड्यावर आमच्या कॅमेऱ्यानें जी टिपली, ती हीच. अन्य ठिकाणींहि ती त्या दिवशीं दिसली, आणि ज्वाला हायड्रोजन वायूच्या आहेत हें सिद्ध झालें. जान्सन यांस दुसऱ्या दिवशीं, ग्रहण नसतांहि, त्याच रेषा सूर्याच्या कडेस पाहतां आल्या.

याच ग्रहणाच्या वेळीं अरबस्तानांतील एडन येथें उत्तर जर्मनीच्या मंडळीबरोबर हर्मान फोगेल हे छायाचित्रकार आले होते. त्या काळच्या काचपट्ट्यांस निळा व जांभळा प्रकाशच दिसे. तांबडा दिसत नसे. ज्वाला डोळ्यास तांबड्या दिसत, पण काचेवर त्यांचा निळा अंशच उमटे. पुढें १८७३ सालीं याच फोगेल यांनीं शोधून काढलें कीं, काचेवरील लेपांत योग्य रंग मिसळला असतां तो लेप हिरव्या व पुढें तांबड्याकडच्या प्रकाशासहि संवेदनशील होतो. छायाचित्राचा लोप भरून काढण्याचा हा पहिला मोठा उपाय. आज गाळणी बदलणारा हौशी मनुष्य त्याच वाटेवरचा प्रवासी आहे.

६

आतां आमचा प्रक्षेप. नारिंगी रेषेविषयीं शाळेंत सांगतांना आम्ही कित्येक वर्षें असें सांगत आलों कीं, १८६८ च्या ग्रहणाच्या वेळीं सर नॉर्मन लॉकियर हे इंग्रज ज्योतिषी विजयदुर्गच्या किल्ल्यांत बसले होते, आणि तेथेंच त्यांस हेलियम या नव्या मूलद्रव्याची पिवळी रेषा सांपडली. किल्ल्यांत ‘साहेबाचा कट्टा’ म्हणून चौथरा दाखवितात. त्यासमोर मुलांस उभें करून आम्हीं ही कथा सांगितली आहे. अलीकडे १८ ऑगस्ट हा दिवस तेथें हेलियम दिन म्हणून पाळण्यांतहि येतो. आमच्या विद्यार्थ्यानें ती आमच्याच तोंडून ऐकली होती, आणि त्या सकाळीं त्यांनीं सहज विचारलें, “गुरुजी, लॉकियर विजयदुर्गास आले त्याची साक्ष कोणती?” आम्हांपाशीं ऐकीव माहितीखेरीज साक्ष नव्हती.

तपास केला तेव्हां साक्ष उलट निघाली. १८६८ च्या ऑगस्टांत लॉकियर हिंदुस्थानांत नव्हते. ते इंग्लंडांत होते, व त्यांनीं मागविलेलें वर्णपटयंत्र त्या वेळीं पुरें झालें नव्हतें. तें हातीं आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, ग्रहणावांचूनच, त्यांनीं इंग्लंडांतून सूर्याच्या कडेच्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या. त्यांचें व जान्सन यांचें अशीं दोन्ही निवेदनें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें २६ ऑक्टोबर १८६८ या एकाच दिवशीं आलीं. फ्रेंच सरकारनें १८७२ सालीं दोघांचे मुखवटे एकत्र कोरून पदक काढलें तें याच योगायोगामुळें. पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेशीं जुळत नाहीं, ती ५८७.६ नॅनोमीटरवर वेगळीच आहे, हें लॉकियर यांनीं त्यानंतर घरबसल्या ठरविलें. हें द्रव्य पृथ्वीवर सांपडलें तें १८९५ सालीं रॅम्से यांस.

मग कट्टा कोणाचा? तो लॉकियर यांचाच. परंतु तीस वर्षांनंतरचा. शके १८१९ च्या पौष अमावास्येस, शनिवारीं, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजीं, दुसरें खग्रास ग्रहण कोंकण किनाऱ्यावरून देशावर गेलें. त्याचा पट्टा अरुंद होता. दाभोळ विजयदुर्गच्या उत्तरेस सरळ रेषेनें शंभर किलोमीटरांहून दूर असल्यानें त्याबाहेर राहिलें. लॉकियर या वेळीं खरोखरच विजयदुर्गास उतरले. मेल्पोमिनी नांवाच्या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या हाताखालीं होते. त्यांस शिकवून त्यांनीं लोलक बसविलेले कॅमेरे चालविले, आणि खग्रासाच्या सुमारें दोन मिनिटांत सूर्याच्या कडेचे वर्णपट काचांवर उतरविले. तें काम मोठें होतें. पण हेलियम त्यापूर्वींच तीन वर्षें पृथ्वीवर सांपडलें होतें.

व्यक्ति एक, किनारा एक, प्रसंग दोन. लोकस्मृतीनें दोन प्रसंगांचा एक केला असावा. बखरींत अशी उदाहरणें किती आढळतात, हें येथें सांगावयास नको. बखरकारांस या दोषाबद्दल आपण तत्परतेनें दोष देतों. तोच दोष आम्हीं फळ्यापुढें उभें राहून केला. ज्या मुलांनीं तो वहींत उतरून घेतला त्यांस आतां गांठणें शक्य नाहीं. छापील पान एवढेंच प्रायश्चित्त हातीं आहे.

७

या प्रक्षेपानें केवळ खोटें घुसलें असतें तर तें काढून टाकून भागलें असतें. त्यानें खऱ्याचा लोपहि केला, हें अधिक वाईट. विजयदुर्गास नसलेला मान देतांना आपण जमखंडी विसरलों. एका मराठी संस्थानाच्या ठाण्यांत, ढगांच्या फटींतून, सूर्यज्वालेची तांबडी रेषा पहिल्या प्रथम पाहणाऱ्यांपैकीं एक मनुष्य बसला होता, हें आम्हांस शाळेंत कोणी सांगितलें नाहीं व आम्हींहि कोणास सांगितलें नाहीं.

दुसरा लोप जेऊरचा. १८९८ च्याच ग्रहणाच्या वेळीं सोलापूर जिल्ह्यांत करमाळें तालुक्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं आपली वेधमंडळी बसविली होती. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेहि जेऊरलाच होते. नायगमवाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या साहाय्यानें पुण्यास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तींत ग्रब यांच्या कारखान्याची २० इंची परावर्तक दुर्बीण होती. मृगांतील तेजोमेघाच्या वर्णपटाचाहि त्यांनीं पुण्याहून अभ्यास केला. जेऊरच्या वेधांचें त्यांचें इतिवृत्त १९०२ सालीं प्रसिद्ध झालें. ते निवृत्त झाल्यावर १९१२ सालीं वेधशाळा मोडली व दुर्बीण कोडाईकनालास गेली. आज मृगाचे फोटो घेणाऱ्या पुण्यांतील हौशी तरुणांस नायगमवाला हें नांव विचारलें, तर फार थोड्यांस तें ठाऊक असल्याचें आम्हांस आढळलें. विजयदुर्गची गोष्ट मात्र सर्वांस पाठ आहे.

८

पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस या सर्वांत आपला काय लाभ, असें वाटेल. लाभ आहे, व तो थेट आहे. ज्या कॅमेऱ्यांतील गाळणी काढून तिच्या जागीं साधी पारदर्शक कांच बसविली आहे, त्याच्या भिंगापुढें दृश्य प्रकाश अडवून फक्त अवरक्त सोडणारी काळी गाळणी लाविली, तर तो अवरक्त प्रकाशांत चित्र घेतो. आपल्या बोरूच्या लेखनाची शाई काजळाची असते. काजळ म्हणजे कोळसा, आणि कोळसा अवरक्त प्रकाशांतहि काळाच राहतो. उलट पाण्याचे डाग, तेलकटपणा व कागदाचा पिंगट रंग त्या प्रकाशांत पुष्कळ अंशीं विरून जातो. मृत समुद्राकांठच्या प्राचीन गुंडाळ्यांचीं अवरक्त छायाचित्रें १९५० नंतरच्या दशकांत जेरुसलेम येथें याच तत्त्वावर घेतलीं गेलीं. नुसत्या डोळ्यांस काळवंडलेल्या चामड्यावर कांहीं न दिसे, तेथें अक्षरें उमटलीं.

आमच्या घरच्या एका जुन्या पंचांगाच्या पानावर पाणी सांडून मोठा डाग पडला आहे. त्या डागाखालील दोन ओळी आमच्या वडिलांसहि लागत नसत. विद्यार्थ्यानें त्या पानाचें अवरक्त चित्र घेतलें, व त्या ओळी सहज लागल्या. त्यांत घरच्या एका मुलाची जन्मवेळ टिपलेली निघाली. परंतु त्याच पानाच्या समासांत विलायती शाईनें कोणी केलेली एक नोंद होती. ती अवरक्त चित्रांत पुसट होऊन जवळजवळ नाहींशी झाली. लोहयुक्त व रंगद्रव्याच्या शाया त्या प्रकाशांत पारदर्शक होत जातात. म्हणजे एका यंत्रानें एक लोप भरून काढला आणि त्याच क्षणीं दुसरा केला. केवळ तें चित्र कोणाच्या हातीं गेलें असतें, तर समासांत कधीं कांहीं लिहिलेंच नव्हतें असें त्यानें शपथेवर सांगितलें असतें.

आकाशाच्या बाबतींतहि बदललेला कॅमेरा निर्दोष नाहीं. त्याच्या चित्रांत सबंध आकाश तांबूस होतें, व मागाहून रंग जुळवावे लागतात. गाळणी अजिबात काढली असेल तर अवरक्त प्रकाश भिंगांतून नेमक्या त्याच ठिकाणीं एकवटत नाहीं, आणि तारे फुगीर दिसतात. तशा चित्रावरून आर्द्रेच्या किंवा रोहिणीच्या वर्णाविषयीं कोणीं सिद्धांत मांडूं नये. फिकट भाग उजळ करण्याच्या हौसेनें कित्येकजण संगणकावर इतके फेरफार करितात कीं, तेथें खराखुरा प्रक्षेप होण्याचें भय असतें. सारांश, निर्दोष प्रत एकहि नाहीं. प्रत्येकीचा दोष ठाऊक असणें एवढेंच आपल्या हातीं आहे.

९

जुने लेखक पोथीच्या शेवटीं पुष्पिका लिहीत. शक, संवत्सर, तिथि, स्थळ, स्वतःचें नांव, व कोणाकरितां लिहिलें तें देऊन, समोर जसें दिसलें तसें उतरलें, चुकीचा दोष आपणांकडे नाहीं, अशी कैफियतहि ते जोडीत. त्या पुष्पिकांवरच आपलें अर्धें संशोधन उभें आहे. छायाचित्रास मात्र पुष्पिका नसते, आणि पाहणारा तें मूळच आहे असें धरून चालतो. वस्तुतः छायाचित्र ही प्रत आहे. कॅमेरा हा लेखक आहे, आणि गाळणी म्हणजे त्या लेखकाचा पूर्वग्रह आहे.

म्हणून आमची सूचना अशी. यापुढें आपल्या संग्रहांत येणाऱ्या प्रत्येक छायाचित्राबरोबर, मग तें पोथीच्या पानाचें असो, शिलालेखाचें असो वा आकाशाचें असो, पांच गोष्टी लिहून ठेवाव्या: दिवस व वेळ, स्थळ, यंत्र व भिंग, प्रकाश किती काळ घेतला, आणि सेन्सरपुढें व भिंगापुढें कोणती गाळणी होती. पोथीचें छायाचित्र शक्य तेथें साध्या व अवरक्त अशा दोन्ही प्रकाशांत घ्यावें; एकाचा लोप दुसरें सांगेल. पन्नास वर्षांनीं हे कॅमेरे राहणार नाहींत. चित्रें राहतील, आणि त्यांवरून निर्णय करणाऱ्यास या पांच ओळींवांचून दुसरा आधार नसेल.

दुसरी विनंति संग्राहकांस. पटवर्धनी दप्तरांत, जमखंडीच्या किंवा शेजारच्या घराण्यांच्या खासगी कागदांत, १८६८ च्या श्रावण अमावास्येस आलेल्या साहेबाविषयीं, त्यास दिलेल्या तंबूंविषयीं, बैलगाड्यांविषयीं वा शिध्याविषयीं एखादी नोंद असेल, तर ती प्रसिद्ध करावी. तसेंच देवगड व विजयदुर्ग भागांतील ज्या घरांत १८९८ सालच्या रोजकीर्दी किंवा पत्रें असतील, त्यांनीं पौष महिन्याचीं पानें पाहावींत. कट्ट्याचा खरा इतिहास त्या पानांत मिळण्यासारखा आहे, आणि तो खोट्यापेक्षां कमी गौरवाचा नाहीं.

दाभोळच्या सड्यावरून आम्ही उतरलों तेव्हां व्याध पश्चिमेकडे कलला होता. नुसत्या डोळ्यांनीं मृगाच्या पूर्वेस पाहिलें. तेथें कांहीं नव्हतें. तेथें कांहीं आहे, हें ठाऊक झाल्यानंतरहि तें दिसत नाहीं. आमच्या डोळ्यांचा हा लोप भरून निघणारा नाहीं. परंतु आमच्या लेखणीनें केलेला प्रक्षेप तरी येथें खोडून ठेवतों.